शेवटच्या पानावरची ओळ

बीड शहर मागे टाकून दक्षिणेकडे निघाले म्हणजे मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढून पाटोद्याच्या रस्त्याला वळले, की बालाघाटाच्या माळावर लिंबागणेश हे गाव येते. भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. एरवी येथील जीवन बालाघाटावरील इतर गावांसारखेच आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि दसरा-दिवाळी उलटली की अनेक घरांच्या दारांना कुलपे. या घरांतील माणसे कोयते घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले.

या गावातील एक मुलगी छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेत होती. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांबरोबर एक काम होते. ‘छापील वृत्तपत्र आणि ऑनलाइन बातमी’ या विषयावर सुटी संपण्यापूर्वी निबंध लिहून आणावा, असे तिच्या प्राध्यापकांनी सांगितले होते. मुलीने आपले मत आधीच ठरवून टाकले होते. छापील वृत्तपत्राचे दिवस भरले, असे तिला मनापासून वाटत होते. विषय सोपा आहे, दोन बैठकींत संपेल, अशा विश्वासाने ती वही घेऊन ओसरीवर बसली.

ओसरीवर तिचे आजोबा बसलेले होते. सारे घर त्यांना आबा म्हणे. आबांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वृत्तपत्र वाचण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. सकाळी बीडकडून एसटी येई. तिच्यातून वृत्तपत्रांचा गठ्ठा फाट्यावर उतरे. त्यांत बीड शहरात छापलेली पत्रे असत, तशीच छत्रपती संभाजीनगरहून आलेलीही असत. गठ्ठ्यातील एक अंक आबांकडे येई. ते चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचू लागत, आणि शेवटच्या पानाची शेवटची ओळ वाचल्यावाचून घडी घालीत नसत. मग तोच अंक शेजारच्या घरी जाई, तेथून पारावर जाई, आणि संध्याकाळी परत येई तेव्हा त्याच्या कडा चुरगळलेल्या असत.

“आबा, तुम्ही वाचता ते सारे काल रात्रीच माझ्या मोबाईलवर येऊन गेले,” मुलगी हसून म्हणाली.

“आले असेल,” आबा म्हणाले, “मी मात्र आज वाचतो आहे.”

मुलीचे म्हणणे चुकीचे नव्हते. छापलेला कागद मुळातच सावकाश चालतो. बातमीदार बातमी लिहितो, उपसंपादक ती तपासून आवरशीर करतो, मग पान लागते, पानावरून पत्रा तयार होतो, यंत्र सुरू होते, गठ्ठे बांधले जातात आणि रात्रीच्या गाड्यांतून ते गावोगाव निघतात. पूर्वी तर एकेक खिळा हाताने जुळवावा लागे. हे सारे होईपर्यंत जग थांबत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील कितीतरी गावे क्षणात जमीनदोस्त झाली. बीड जिल्ह्यातही माणसे दचकून अंगणात आली. परंतु रात्री छापून निघालेल्या त्या दिवसाच्या अंकात या प्रलयाची वार्ता येणे शक्यच नव्हते. गावेच्या गावे गाडली गेली होती, आणि माणसांच्या हातांत मात्र आदल्या दिवशीचे जग होते. त्या सकाळी आबा रेडिओला कान लावून बसले होते. आजच्या काळात तशी आपत्ती आली, तर पहिल्या पाच मिनिटांत मोबाईलवर वार्ता येईल, आणि मदतीचे हातही तितक्याच त्वरेने निघतील.

मुलीने ही गोष्ट वहीत लिहिली. तिच्याखाली तिने दुसरी लिहिली, ती तिच्या स्वतःच्या घरातील होती. तिचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, चुलतीला आणि दोन लहान मुलांना घेऊन नुकतेच सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला गेले होते. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसाला वृत्तपत्र कोण नेऊन देणार? पहाटेच्या अंधारात त्याचा दिवस सुरू होतो आणि मोळ्या वाहून गाडी भरेपर्यंत संपत नाही. परंतु तात्यांच्या खिशात मोबाईल होता. गावात पाऊस पडला का, ग्रामपंचायतीत काय ठरले, कोणाच्या घरी पाळणा हलला, हे त्यांना इतक्या दूर बसून त्याच दिवशी समजे. जे सुख आबांच्या वडिलांच्या पिढीला स्वप्नातही मिळाले नाही, ते तात्यांना कोपीत मिळत होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुंबईसारख्या शहरातही काही दिवस वृत्तपत्रे छापणे थांबले होते. कागदाला हात लावण्याचीच लोकांना भीती वाटत होती. तेव्हा बातमी पडद्यावरूनच आली.

येथपर्यंत निबंध भराभर पुढे गेला. दुपारी आबांनी विचारले, “काय लिहिलेस, वाचून दाखव पाहू.” मुलीने वाचून दाखविले. आबांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर ते म्हणाले, “वेगाचे बरोबर लिहिलेस. पण एवढे धावत आलेले बोलणे कोणाचे, ते कोठे लिहिलेस?”

“म्हणजे?”

आबांनी घडी घातलेला अंक पुन्हा उलगडला, शेवटचे पान वर धरले आणि अगदी तळाशी बोट ठेवले. तेथे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. पुढे पत्ता होता.

“आबा, ही ओळ कोणी वाचीत नाही,” मुलगी म्हणाली.

“दाराची कडी तरी रोज कोण न्याहाळतो? पण ती काढून ठेवून कोणी झोपत नाही.”

मुलीला थोडे ओशाळल्यासारखे झाले. कारण ही ओळ तिला वर्गात शिकविली गेली होती. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव अंकावर छापण्याचा दंडक १८६७ च्या कायद्याने घातला. इंग्रज सरकारने तो केला तो काही वाचकांच्या प्रेमाने नव्हे. कोणते पत्र कोण काढतो आणि गुन्हा झाला तर कोणाला पकडावयाचे, हे सरकारला कळावयास हवे होते. पुढे स्वराज्य आले, तरी तो कायदा चालू राहिला. २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला; पण पानाच्या तळाची ओळ आपल्या जागी आहे. राज्यकर्त्यांनी बेडीसाठी घडविलेली ही कडी वाचकाच्या उपयोगी पडली, हा इतिहासाचा एक मौजेचा खेळच म्हणावयाचा.

ही ओळ किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’ निघाला. त्याचे संपादक होते गोपाळ गणेश आगरकर, आणि ‘मराठा’ या इंग्रजी पत्राचे संपादन बाळ गंगाधर टिळक करीत. दोघेही पंचविशीतले, बुद्धिमान आणि निःस्वार्थी. त्या सुमारास कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, अशा वार्ता पुण्यात येत होत्या. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी काही पत्रे या तरुणांच्या हाती आली. त्यांचा मजकूर खरा मानून ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने बर्वे यांच्यावर टीका केली. बर्वे यांनी खटला भरला. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की टिळक व आगरकर यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांची फसवणूक झाली होती. परंतु शब्द त्यांच्या पत्रांत छापला गेला होता आणि पत्रांशी त्यांची नावे बांधलेली होती. ‘आम्हांला कोणी दिले, आम्ही पुढे दिले’ असे म्हणून त्यांना हात झटकता येईना, आणि त्यांनी तसे केलेही नाही. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही १८८२ च्या जुलैत त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात एकशेएक दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर एक लहानसे पुस्तकही लिहिले. ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे त्याचे नाव.

मुलीने हा प्रसंग परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ आज तिच्या ध्यानात आला. छापील वृत्तपत्र चुकत नाही, असे नाही. ते चांगलेच चुकते. काही वेळा तर जाणूनबुजून चुकते. २००९ साली महाराष्ट्रात निवडणुका झाल्या, तेव्हा पैसे घेऊन उमेदवारांचा प्रचारच बातमी म्हणून छापला गेल्याचा आक्षेप काही पत्रांवर आला आणि भारतीय प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. परंतु छापलेला शब्द पुसून टाकता येत नाही. अंक ग्रंथालयात राहतो, रद्दीत राहतो, कोणाच्या तरी ट्रंकेत तळाशी राहतो. तो काढून ‘तुम्ही हे लिहिले होते’ असे म्हणता येते, आणि ते कोणाला म्हणावयाचे हेही माहीत असते.

आबांच्या घरी अशी एक आठवण होतीच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे मराठी वृत्तपत्र काढणे आणि वाचणे हे दोन्ही धोक्याचे होते. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र निजामाच्या हद्दीबाहेर पुण्यातून काढले. बंदीचा हुकूम निघाला, की ते पत्राचे नाव बदलीत आणि पुढचा अंक काढीत. असे अंक लपत-छपत हद्दीच्या आत येत. आबांचे वडील सांगत, की एक अंक दहा जणांत वाचला जाई आणि वाचून झाल्यावर धान्याच्या कणगीत जाई. पत्राचे नाव बदलत होते. त्यामागे कोण उभे आहे, ते मात्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“मग काय, आबा, मोबाईलवरची सारी बातमी खोटी?” मुलीने विचारले. तिच्या आवाजात थोडी कुरकूर होती. कारण सकाळी लिहिलेली पाने आता तिला अर्धवट वाटू लागली होती.

“मी कोठे तसे म्हटले? ज्याचे नाव-गाव आहे, ते कागदावर असो की काचेवर, मी वाचीन. ज्याचे नाही, त्याचे काय करावयाचे ते तू सांग. शिकते आहेस तू.”

हे बोलणे मुलीला पटले. कारण ऑनलाइन बातमी म्हणून जे ओळखले जाते, ते सारे एका जातीचे नसते. एखाद्या वृत्तसंस्थेचे किंवा वृत्तपत्राचे संकेतस्थळ असते. तेथे बातमीदाराचे नाव असते, बातमी केव्हा दिली आणि केव्हा दुरुस्त केली याची वेळ असते. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार अशा प्रकाशकाला तक्रारी ऐकण्यासाठी एक अधिकारी नेमावा लागतो. म्हणजे तळाची ओळ तेथेही आहे, फक्त शोधावी लागते. अर्थात पडद्यावरचा मजकूर कोणाला नकळत बदलता येतो, हा दोष उरतोच. परंतु व्हॉट्सॲपवर हातोहात फिरणाऱ्या मजकुराला ना संपादक असतो, ना तारीख, ना पत्ता. तो आपल्या ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून आपल्याला खरा वाटतो. आणि त्या ओळखीच्या माणसालाही तो असाच दुसऱ्या कोणाकडून आलेला असतो.

अफवा ही काही मोबाईलने जन्माला घातलेली नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात, अशी वार्ता एका दिवसात देशभर पसरली. तेव्हा सामान्य माणसाच्या खिशात मोबाईल नव्हता. तरीही गावोगावच्या देवळांपुढे दुधाची भांडी घेऊन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच करून दाखविले. मूर्तीला टेकलेल्या चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे कडेवरून ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही, रंगीत दूध दिसते. वृत्तपत्रांनी हा खुलासा छापला आणि गडबड शमली. त्या अफवेने दूध वाया गेले, एवढेच. माणसे गेली नाहीत.

पुढे माणसेही गेली. २०१८ साली मुले पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर आणि चित्रफिती देशभर फिरू लागल्या. त्यांतील एक चित्रफीत तर पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत मोटारसायकलवरून नेलेले मूल शेवटी परत आणून सोडलेले दिसते आणि संदेश दिसतो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून पाठवून दिला. अशा वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजातील पाच जण तेथे आले होते. मुले पळविणारे हेच, अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारले. पाचही जण मरण पावले. त्यांचा अपराध काहीही नव्हता.

त्या महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, अशी मर्यादा घातली, आणि पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली. खोट्या माहितीपासून सावध राहण्याच्या सूचना लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी या कंपनीने आणखी एक मार्ग पत्करला. तिने भारतातील छापील वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या.

मुलगी हे सारे लिहीत असता दिवस मावळला. दिवाबत्ती झाली. इतक्यात गावच्या गटावर एक मजकूर आला. त्यावर अनेकदा पुढे पाठविल्याची दोन बाणांची खूण होती. ‘ऊसतोडीच्या फडांवर मुले चोरणारी टोळी फिरते आहे. भांडी विकण्याच्या निमित्ताने येतात. सावध राहा. सर्वांना पाठवा.’ खाली ना गावाचे नाव, ना तारीख, ना पाठविणाऱ्याचा पत्ता. मुलीने तो वाचला आणि तिच्या हातातील पेन थांबले. गटात गावातील घरांबरोबर फडावर गेलेली माणसेही होती. आईबाप ऊस तोडीत असताना त्यांची लेकरे कोपीपाशी एकटी खेळत असतात. त्यांना हा मजकूर केवढा भयंकर वाटला असेल!

तिने तात्यांना फोन लावला. बराच वेळ कोणी उचलला नाही. शेवटी तात्यांचा आवाज आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

“तात्या, गटावरचा मजकूर पाहिला का?”

“पाहिला, पोरी. बरे झाले कोणी तरी पाठविला. येथे एक भांडीवाला सापडला आहे. दुपारपासून कोप्यांच्या बाजूला फिरत होता. धरून बसविला आहे. माणसे चिडली आहेत.”

मुलीच्या छातीत धस्स झाले. “तात्या, त्याला हात लावू देऊ नका. मी पाया पडते. त्याच्याजवळ मूल सापडले का?”

“नाही.”

“कोणाचे मूल हरवले आहे का?”

तात्या क्षणभर थांबले. “आपल्या टोळीतले तर नाही. पण पलीकडच्या फडावर...”

“पलीकडच्या फडावर हे कोणी पाहिले?”

यावर तात्यांना उत्तर देता आले नाही. “मी दहा मिनिटांत पुन्हा बोलते, तोवर तुम्ही त्याच्याजवळ उभे राहा,” असे सांगून तिने फोन ठेवला. फड ज्या तालुक्यात होता, तेथील पोलीस ठाण्याचा क्रमांक तिने शोधून काढला. वर्गात शिकविलेली गोष्ट तिला प्रथमच खऱ्या कामासाठी करावयाची होती. आपले नाव, गाव, शिक्षण सांगून तिने ठाण्यातील अंमलदारांना विचारले, “तुमच्या हद्दीत मूल पळविल्याची किंवा हरवल्याची तक्रार आहे काय?” त्यांनी नोंद पाहून सांगितले, की अशी एकही तक्रार नाही, आणि अडवून ठेवलेल्या माणसाविषयी ऐकताच शिपाई पाठवितो म्हणाले. तिने अंमलदारांचे नाव आणि वेळ वहीत लिहून घेतली.

दहा मिनिटांचे बारा झाले होते. तात्यांचा आवाज आता दबलेला होता. माणसे वाढली होती.

“तात्या, मी स्वतः ठाण्यात विचारले. एकही मूल हरवलेले नाही. पोलीस येत आहेत. सर्वांना ऐकू जाईल असे सांगा.”

“मी सांगेन ग, पण ते विचारतील, हे तुला कोणी सांगितले?”

“माझे नाव सांगा,” मुलगी म्हणाली. “लिंबागणेशच्या माझ्या पुतणीने विचारून सांगितले म्हणा. अंमलदारांचे नाव सांगते, तेही सांगा. खोटे निघाले तर मला धरा म्हणावे.”

फोन चालूच राहिला. तात्यांनी मोठ्याने सारे सांगितलेले तिला ऐकू आले. मग कोणी तरी काही विचारले, कोणी तरी रागाने बोलले, पुन्हा तात्यांचा आवाज आला, आणि त्यात तिचे नाव दोनदा उच्चारले गेले. ओसरीवर आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बऱ्याच वेळाने गलका उतरला. शेवटी चुलती फोनवर आली आणि म्हणाली, “बाई, त्याला पाणी दिले आहे. म्हातारा आहे ग तो. थरथर कापतो आहे. त्याचा तराजू मोडला गर्दीत.” थोड्या वेळाने शिपाई आले आणि म्हाताऱ्याला आपल्याबरोबर घेऊन गेले. त्याच्या पातेल्यांची पोटली एका तरुणाने उचलून गाडीत ठेवली. दुपारी याच तरुणाने त्याला धरले होते.

त्या रात्री मुलीने गावच्या गटावर चार ओळी लिहिल्या. कोणत्या ठाण्यात विचारले, किती वाजता विचारले, काय उत्तर मिळाले, हे लिहून खाली तिने आपले पूर्ण नाव आणि गाव घातले. तिला काही जणांनी नमस्काराच्या खुणा पाठविल्या. एकाने विचारले, “तू पोलीस झालीस की काय?” तिने उत्तर दिले नाही. पहिला मजकूर ज्याने गटावर टाकला होता, त्याला तिने फोन करून विचारले, तर तो म्हणाला, “मला आला, मी पाठविला.” त्याला तो कोठून आला, हे त्याच्याही ध्यानात नव्हते. दुसऱ्या दोन गटांवर तो रात्रभर फिरत होता, असे सकाळी कळले.

सकाळी एसटी वीस मिनिटे उशिरा आली. आबांनी चष्मा पुसला आणि अंक पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मुलीने निबंधाची जुनी पाने फाडली नाहीत. त्यांच्या पुढे तिने नवे पान घेतले आणि भांडीवाल्याचा प्रसंग लिहावयास सुरुवात केली.

“आबा, कालचे काही आले आहे का पत्रात?” तिने मान वर न करता विचारले.

आबांनी पाने पुन्हा एकदा उलटून पाहिली. “नाही,” ते म्हणाले, “एक ओळसुद्धा नाही.”

बातमी व्हावी असे तेथे काही घडलेच नव्हते. आबांनी अंकाची घडी घातली आणि तो शेजारच्या घरी पाठवून दिला.